ज्येष्ठांचे निवेदन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी मराठी वाचकाची पहिली ओळख बहुधा एका पुस्तकातून होते. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील चार दशकांत ते महाराष्ट्राच्या शाळाशाळांत पोहोचले. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील एका आश्रमशाळेच्या ग्रंथपेटीतही ते मला आढळले. मुखपृष्ठ निखळलेले, पाने हाताळून मऊ झालेली. गुलामीत जन्मलेला एक मुलगा शिकतो, १८९६ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेत अध्यापक होतो आणि वर्षानुवर्षांच्या कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीला भुईमूग व चवळीच्या साहाय्याने पुन्हा कस मिळवून देतो, ही कथा कोणत्याही वयाच्या वाचकाला धरून ठेवते. शेतकऱ्याला शाळेपर्यंत येणे जमत नाही, तर शाळेने त्याच्या बांधापर्यंत जावे, या विचाराने कार्व्हर यांनी १९०६ साली गाडीवरची फिरती शाळा सुरू केली. शिक्षण आणि टिकाऊ विकास हे विषय आज विद्यापीठांच्या प्रस्तावांत शेजारी शेजारी बसवले जातात. कार्व्हर यांच्या कामात ते मुळातच एक होते.

तथापि, आपण हे पुस्तक एका असामान्य व्यक्तीची कथा म्हणून वाचतो. चरित्राचा तो दोष नव्हे. चरित्र एकाचेच असते. परंतु ज्या समाजातून कार्व्हर आले त्या समाजाने आपली स्मृती कशी गोळा केली, ती विद्यापीठाच्या दारापर्यंत कशी नेली आणि तेथे तिला प्रवेश कसा मिळवला, ही त्याच काळातील दुसरी कथा आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. एटापल्लीत इतिहास शिकवताना मला या दुसऱ्या कथेची गरज अधिक भासत गेली.

माझ्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी माडिया आदिवासी आहेत. काही गोंड, काही परधान, काही तेलुगू बोलणाऱ्या घरांतील, एखाददुसरा बंगाली वसाहतीतून आलेला. पदवीच्या पहिल्या वर्षाला त्यांना स्वतःच्या गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितले की वह्या येतात, आणि त्यांत शिवकालाचा सारांश असतो, मेरठचा उठाव असतो, पंचायत राज्याची कलमे असतात. गाव मात्र नसते. हे आळसाने होत नाही. ही मुले कष्टाळू आहेत. सुट्टीत मोहफुले वेचतात, तेंदूची पाने तोडतात, घरचे धान रोवतात. आमच्या गावात लिहिण्यासारखे काही घडलेच नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. एका विद्यार्थिनीने मला अत्यंत नम्रपणे सांगितले होते, “सर, इतिहास चंद्रपूरला आहे. आमच्याकडे जंगल आहे.”

या वाक्यामागे दहा-बारा वर्षांचे शालेय शिक्षण उभे आहे. माडिया घरातील मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते तेव्हा तेथील भाषा त्याला परकी असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणाऱ्यांची संख्या एकोणतीस लाखांहून अधिक होती, तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि माडिया बोली तर पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने जवळजवळ अनुपस्थितच. लोक बिरादरी प्रकल्पाने १९७६ साली हेमलकशाला शाळा काढली, तेव्हापासून या भागात शिकून मोठी झालेली माणसे दिसू लागली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु शिकणे म्हणजे गावापासून दूर जाणे, हे समीकरण सर्वसाधारण शाळेने मुलांच्या मनात रुजवले आहे. जे पुस्तकात आहे ते ज्ञान, जे आजोबांना ठाऊक आहे ते निरुपयोगी, अशी विभागणी कोणी फळ्यावर लिहीत नाही. ती हळूहळू अंगवळणी पडते.

कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९३३ साली नेमक्या याच प्रक्रियेवर पुस्तक लिहिले. निग्रो समाजाला दिले जाणारे शिक्षण त्याला स्वतःकडे तुच्छतेने पाहायला शिकवते, हे त्यांचे म्हणणे होते. त्या पुस्तकाइतकाच त्यांचा जीवनक्रमही मला महत्त्वाचा वाटतो. १८७५ साली व्हर्जिनियात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामीतून मुक्त झालेले. तरुणपणी ते पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीत काम करत. माध्यमिक शाळेत नियमित प्रवेश घेतला तो विसाव्या वर्षी. पुढे १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना इतिहासाची डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठातून हा मान मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस.

मात्र इतिहासाचे त्यांचे पहिले शिक्षण हार्वर्डमध्ये झाले नाही. खाणकामगारांच्या वस्तीत ऑलिव्हर जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार राहत असे. यादवी युद्धात तो लढला होता. त्याला स्वतःला वाचता येत नव्हते. परंतु घरात पुस्तके आणि वर्तमानपत्रे होती, आणि पाळी संपल्यावर कामगार तेथे जमत. तरुण वुडसन त्यांना वाचून दाखवीत. वाचन संपले की चर्चा होई आणि चर्चेतून आठवणी निघत: कोणी कोणत्या मळ्यावर राबले, कोण कोणत्या लढाईत होते, मुक्तीची वार्ता कोणाला कशी कळली. आपल्यासमोर बसलेली ही माणसे इतिहासाची साधने आहेत, हे त्या तरुणाच्या तेथे ध्यानात आले. कृष्णवर्णीयांना सांगण्याजोगा इतिहासच नाही, अशी समजूत त्या काळच्या विद्वत्तेत रूढ होती. वुडसन यांनी तिला भाषणाने उत्तर दिले नाही. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीय जीवनाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, १९१६ पासून संशोधनपत्रिका चालवली, दस्तऐवज जमा केले, आणि १९२६ पासून फेब्रुवारीत एक आठवडा शाळाशाळांतून या इतिहासासाठी राखून ठेवण्याची प्रथा पाडली. आजचा ‘कृष्णवर्णीय इतिहास मास’ त्या आठवड्यातून वाढला आहे. विद्यापीठीय संशोधन आणि खेड्यातील शिक्षिका यांच्यात त्यांनी उतरंड मानली नाही, हे मला त्यांच्या कार्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी असलेले नाते महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या जुलैमध्ये ड्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाविषयी विचारणा केली, आणि ड्यु बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर धाडले. पुढे जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठीला करून दिली. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून घेतले. या दीर्घ संवादात आदिवासी समाज उशिरा आला, आणि पूर्व विदर्भाच्या अरण्यातील माडिया तर अजून पुरता आलेलाच नाही. त्याच्याविषयी लिहिले गेले नाही असे मात्र नव्हे.

उलट, लेखन भरपूर आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची मध्य प्रांतातील आदिम जमातींवरील टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित केली. मेजर लूसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल तयार केला. १९०९ साली जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले, १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे जातिजमातींवरील खंड, १९३८ मध्ये ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरील ग्रंथ. हे लेखक परिश्रमी होते. काहींना या लोकांविषयी खरा जिव्हाळाही होता. परंतु प्रश्न त्यांचे होते. किती महसूल मिळेल, कोणती जमात कोणत्या श्रेणीत बसते, कोणाचा बंदोबस्त करावा लागेल, ही त्या प्रश्नांची दिशा होती.

बाबुराव शेडमाके यांचे उदाहरण घ्यावे. मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. या उठावाची तपशीलवार कागदोपत्री नोंद झाली, त्याचे एक मोठे कारण चिंचगुडीच्या हल्ल्यात तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, हे होय. सरकारला आपल्या मृतांची नावे लिहिणे भाग होते. शेडमाक्यांबरोबर लढलेल्या शेकडो गोंड आणि रोहिल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. ती कोठे असलीच तर घराघरांतल्या वंशावळीत असतील. आज बाबुरावांची जयंती आणि शहीद दिन मोठ्या प्रमाणावर साजरे होतात, चौकांना त्यांचे नाव मिळते; ते योग्यच आहे. पण पुतळा उभारणे आणि नावे शोधणे ही दोन कामे निराळी आहेत, आणि दुसऱ्या कामाला वर्गणी जमत नाही.

स्वातंत्र्यानंतर संशोधकांची ये-जा वाढली. प्रश्नावली घेऊन माणसे आली, छायाचित्रे काढली, गोटूल या युवागृहाविषयी विचारले (तो प्रश्न कोणी चुकवला नाही), सिकलसेलसाठी रक्ताचे नमुने नेले. प्रबंध झाले, पदव्या मिळाल्या. ज्या गावावर प्रबंध झाला त्या गावात त्याची प्रत असणे हा अपवाद. हा प्रकार केवळ सौजन्याच्या अभावाचा नाही. ज्या टस्कीगीविषयी मराठी वाचकाच्या मनात कार्व्हरमुळे आदर आहे, त्याच परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. कारण उपचाराविना रोग कसा वाढतो, याचे निरीक्षण अपुरे राहिले असते. ज्ञान मिळवणे हे स्वभावतःच पुण्यकर्म आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावे. माणूस संशोधनाचा विषय होतो आणि त्याच्या निष्कर्षांवर त्याचा काहीही अधिकार राहत नाही, तेव्हा विद्येचे काय होते, हे तेथे दिसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, घरीच उपचार करणे हे त्या शिकल्या. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. जगभर गाजलेल्या त्या संशोधनाच्या मुळाशी अल्पशिक्षित स्त्रियांनी काटेकोरपणे ठेवलेल्या नोंदी होत्या. धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाने तर ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालवले. निर्णय ग्रामसभेत, अभ्यास अभ्यासगटात, अशी मांडणी देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवली. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते, आणि २०११ पासून ते आपला बांबू स्वतः विकू लागले. अभ्यास ही चैन नसून निर्णयाची पूर्वतयारी आहे, हे त्या गावाने कोणत्याही विद्यापीठाची अनुमती न घेता ठरवले.

येथे मी वाचकांचे लक्ष एका कायदेशीर तपशिलाकडे वेधू इच्छितो. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याचे नियम २००८ मध्ये लागू झाले. नियम १३ मध्ये हक्काच्या दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदी अहवाल, वन खात्याची कागदपत्रे हे त्यात आहेतच. त्यांच्याबरोबरीने विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे आहेत; रूढी-परंपरांचे संशोधनपर दस्तऐवजीकरण आहे; आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य ज्येष्ठांचे, लेखी स्वरूपात नोंदवलेले निवेदन आहे. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला हा नियम एखाद्या ग्रंथाइतका मोलाचा वाटतो. ज्या स्मृतीला शाळेने अज्ञान मानले तिला कायद्याने साक्ष मानले. ज्या लूसी स्मिथने महसुलासाठी जंगल मोजले त्याचा अहवाल, दीडशे वर्षांनी, त्या जंगलातील माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो.

आणि दगड. भामरागड आणि एटापल्लीच्या गावांजवळ माडियांनी आपल्या मृतांसाठी उभ्या केलेल्या शिळा दिसतात. काही पुरुषभर उंच, काही कमरेइतक्या, रस्त्याच्या कडेला किंवा झाडांच्या सावलीत ओळीने रोवलेल्या. विदर्भातील लोहयुगीन महापाषाणीय दफनांचा अभ्यास करणाऱ्यांना या जिवंत परंपरेचे मोठे आकर्षण आहे, कारण माहुरझरीला किंवा नायकुंडला जे उत्खननातून अनुमानाने समजून घ्यावे लागते, त्याच्याशी नाते सांगणारे काहीतरी येथे आजही घडते. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र त्या शिळा केवळ ‘आमच्या म्हाताऱ्या लोकांचे दगड’ वाटत. नियम १३ वर्गात वाचला आणि दफनभूमी हा शब्द आला तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एकाने विचारले, “म्हणजे सर, आमच्या आजाचा दगड कागद आहे?” त्या वर्षी प्रथमच वह्यांमध्ये गाव आले.

या ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. ज्येष्ठांचे निवेदन लेखी असावे लागते. सांगणारा निरक्षर असतो. लिहिणारा शिकलेला असावा लागतो, आणि तो त्याच्या भाषेतला असावा लागतो. ऑलिव्हर जोन्सच्या घरी तरुण वुडसन जे करत होते त्याची ही दुसरी बाजू आहे. तेथे साक्षर तरुण निरक्षर ज्येष्ठांना वाचून दाखवत होता. येथे तो त्यांचे ऐकून लिहून घेतो. दूरच्या शहरातून आलेला संशोधक हे काम दुभाष्याच्या मदतीने करेल, कदाचित अधिक पद्धतशीर करेल. परंतु सीमा सांगताना म्हातारा ज्या नाल्याचे नाव घेतो, तो नाला कोणत्या वळणाचा, हे नातवाला विचारावे लागत नाही. एटापल्लीसारख्या ठिकाणी उच्च शिक्षणाचे प्रयोजन काय, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. त्याचे माझ्याकडील पहिले उत्तर हे आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात अर्थातच सूरजागड असते. एटापल्लीहून जवळच असलेल्या या पहाडांत उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला, २०१६ मध्ये उत्खननाला आरंभ झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी ऐंशीच्या आसपास वाहने जाळली, २०२१ पासून काम पुन्हा वेगाने सुरू झाले, आणि २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. याच पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि सत्तर गावांचा पारंपरिक इलाका एकत्र येतो. पहाड एकच असून त्याच्या नोंदी दोन प्रकारच्या आहेत. एका नोंदीत टन आहेत, दुसरीत पेन म्हणजे देव आहेत, आणि शासकीय सुनावणीत दोहोंचे वजन सारखे धरले जात नाही. २०२३ मध्ये तोडगट्टा येथे नव्या खाणींच्या आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या रस्त्यांच्या विरोधात गावकरी महिनोन्‌महिने बसून होते, ते याच विषमतेमुळे.

खाणीमुळे रोजगार आला आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही तेथे काम करतात, डंपर चालवतात, घरी नियमित पैसे देतात. धाकट्या बहिणीला शिकवण्यासाठी पदवी सोडून खाणीत गेलेल्या मुलाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आधी हाताला काम की उच्च शिक्षण, हा वाद अमेरिकेतही झाला होता. टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे होते की समाजाने आधी हाताला काम शिकावे, मान नंतर आपोआप येईल. ड्यु बॉइस यांनी १९०३ साली त्यावर कठोर टीका केली: उच्च शिक्षण आणि नागरी हक्क बाजूला ठेवून मिळवलेले कौशल्य माणसाला दुसऱ्याच्या व्यवस्थेत केवळ उपयुक्त बनवते. आपल्याकडे या वादाची एकच बाजू शासनमान्य झाली आहे. कौशल्यविकासाची केंद्रे निघतात, त्यांना निधी मिळतो. इतिहास, भाषा, मानववंशशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या माडिया मुलाला मात्र “त्याचा उपयोग काय” असे विचारले जाते. वुडसन खाणीत होते म्हणून त्यांच्या इतिहासलेखनाला बाध आला नाही, उलट ते समृद्ध झाले. पण ते खाणीतच राहिले असते तर ती पत्रिका निघाली नसती. लोहखनिज भूगर्भात मर्यादितच असते आणि खाणपट्ट्याला मुदत असते. ती मुदत संपेल त्या दिवशी या तालुक्यात खाणीपूर्वीचे झरे, वाटा, मोहाची झाडे आणि त्यांवरचे हक्क लिहून ठेवलेले कोणी असेल की नाही, हे आज कोणाला काय शिकवले जाते यावर अवलंबून आहे.

स्वतःच्या इतिहासाचे संशोधन हे अभिमानाचे काम आहे, आणि म्हणूनच त्यात जोखीमही आहे. उपेक्षित समाजाला आपला भूतकाळ शक्य तितका प्राचीन आणि वैभवशाली हवासा वाटणे स्वाभाविक होय. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा आणि पुनेम (गोंडी धर्म) यांवर आयुष्यभर काम केले. त्यांचे शब्दसंग्रह आणि संकलने माझ्या विद्यार्थ्यांना आजही उपयोगी पडतात. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र मला पटत नाही, आणि वर्गात तसे सांगताना मी शब्द आवरत नाही. विद्यार्थी नाराज होतात. त्यांना मी वुडसन यांची पत्रिका दाखवतो: तेथे आवेशाचे लेख थोडे आहेत, मृत्युपत्रे, विक्रीखते, चर्चच्या नोंदवह्या आणि पत्रे पुष्कळ आहेत. ज्यांच्या इतिहासाचे अस्तित्वच नाकारले गेले त्यांना पुराव्याच्या बाबतीत इतरांहून अधिक कडक राहावे लागते. हा अन्याय आहे. परंतु या अन्यायातून त्यांच्या इतिहासलेखनाला जी शिस्त लाभली, तिने अमेरिकेचा एकूण इतिहास बदलला.

प्रश्न केवळ खरे-खोटे पारखण्याचा नसतो. काय लिहू नये, हाही असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या पेनाविषयी वृद्ध भूमियाला, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याला, विचारले. त्यांनी पुष्कळ सांगितले: पेन कोठून आला, कोणत्या कुळाबरोबर आला, वाटेत कोणत्या नदीशी थांबला. मग एका टप्प्यावर ते म्हणाले की यापुढचे सांगतो ते ऐक, लिहू नकोस. मुलाने लिहिले नाही. प्रकल्पवहीत त्याने एक पान कोरे सोडले आणि खाली नोंद केली: ‘सांगणाऱ्याची अनुमती नाही.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपूर्ण माहिती म्हणून गुण कापले. मी त्यांच्याशी सविस्तर बोललो. त्यांचा निर्णय बदलला नाही, आणि विद्यापीठीय निकषांनुसार कदाचित त्यांना दोष देता येणार नाही. तरीही त्या वर्षीच्या सर्व वह्यांमध्ये संशोधनपद्धतीची सर्वांत परिपक्व जाण मला त्या पानावर दिसली. अनुमती घेणे आणि ती नाकारली गेल्यास थांबणे, हे टस्कीगीत चाळीस वर्षे कोणाला सुचले नव्हते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. विद्यार्थी प्रथम ग्रामसभेपुढे जातो, काय विचारणार आहे ते माडियात सांगतो, आणि वही पूर्ण झाल्यावर मूळ प्रत गावात ठेवतो. महाविद्यालयाकडे छायाप्रत येते. काही गावांनी नकार दिला. काहींनी पुष्कळ अटी घातल्या. एका ग्रामसभेने मात्र विद्यार्थिनीचा प्रस्ताव ऐकून घेतला, आपापसांत बराच वेळ चर्चा केली आणि तिचा विषयच बदलून दिला. वंशावळी आम्हाला ठाऊक आहेत, त्या मागाहून लिही, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांना वेगळेच हवे होते: कोणता झरा कोणाच्या आठवणीत उन्हाळ्यातही वाहत होता आणि कधी थांबला, मोह कोणत्या वर्षी फुलला नाही, कोणते कंद आता कोठेच सापडत नाहीत, पेंदा (फिरती) शेती बंद झाल्यावर कोणती धान्ये बियाण्यासकट गेली. साल सांगता येत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वर्षी, कोणत्या दुष्काळाच्या आगेमागे, असे लिहावे, हेही त्यांनीच सुचवले.

मी त्या विद्यार्थिनीला कालगणनेच्या या पद्धतीविषयी काही वाचायला दिले आहे. ती सध्या गावातील वृद्ध स्त्रियांकडे बसते, कारण कंदांची माहिती पुरुषांपेक्षा त्यांना अधिक आहे असे तिच्या लक्षात आले. एप्रिल संपण्याआधी निदान पहिल्या फेरीच्या मुलाखती व्हाव्यात, असा तिचा प्रयत्न आहे. मे महिन्यात तेंदूचे संकलन सुरू झाले की पहाटेपासून घरी कोणी सापडत नाही, आणि तीही सापडणार नाही.